स्प्लेंडर 2008 धूर मारालीय, गॅरेजवाला 7800 सांगालाय, सामान स्वस्तात कुठनं घेऊ?

नंदगडचा_पोरगा

नमस्कार मंडळी. बाबांची हिरो होंडा स्प्लेंडर प्लस हाय, 2008 ची, केए 22 पासिंग. मीटरची केबल तुटूनच चार वर्षं झाली त्यामुळं किती किलोमीटर पळलीय ते देवालाच ठाऊक, पण रोज नंदगड-खानापूर दोन फेऱ्या, त्यात मागं दुधाचे दोन कॅन, आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच हाय, जून ते सप्टेंबर चेनला लागलेला चिखल सुकतच नाही. आरसी 2023 ला रिन्यू केलो, 2028 पर्यंत बघायला नको, म्हणून गाडी काढायची नाही. खरं सांगायचं तर बाबा काढू द्यायचे पण नाहीत.

आता अडचण अशी की सायलेन्सरमधनं निळसर धूर येतोय, आठ-दहा दिवसाला ऑइल टाकावं लागालंय, इंजिनच्या डाव्या बाजूला खडखड आवाज हाय, चढाला इंजिन नुसतं ओरडतंय पण गाडी पुढं सरकत नाही, आणि चेन तर संपलेलीच हाय. खानापुरात एका गॅरेजात दाखवलो तर त्यानं काही न उघडताच कागदावर लिहून दिला, ब्लॉक-पिस्टन, वॉल (व्हॉल्व्ह), टायमिंग चेन, क्लच प्लेटा, चेन सॉकेट (चेन आणि तिची दातेरी चक्रं), मागचे पुढचे ब्रेक लायनर, मजुरी, सगळं मिळून 7800. मी म्हटलो सामान मी आणून देतो तुम्ही फक्त बसवा, तर तोंड वाकडं करून म्हणाला मग गॅरंटी नाही.

एवढे पैसे आत्ता हातात नाहीत. बेळगावात घेऊ, कोल्हापूरला जाऊ, हुबळीला जाऊ की ऑनलाइन मागवू? आणि ओरिजिनल आणि लोकल मधला फरक खरंच एवढा असतोय काय, की नुसता डब्याचा फरक? जरा नीट सांगा, मला गाडीतलं फार कळत नाही.

गोवावेस_वाला

7800 त अजून थोडे घाल आणि दुसरी सेकंडहँड घे की बे.

नंदगडचा_पोरगा

बाबांना तू येऊन सांग, चहा पण देतो.

चिमटा_बुश

वडगावात माझं छोटं गॅरेज हाय, वीस वर्षं हीच गाडी उघडालोय, म्हणून जरा लांबच लिहितो, वाचायचं असेल तर वाच.

पहिली गोष्ट म्हणजे सामान कुठनं घ्यायचं ते नंतर, आधी काय घ्यायचं ते तरी ठरव. न उघडता लिहिलेल्या यादीला काही अर्थ नसतोय. धूर कधी येतोय ते बघ. सकाळी पहिल्या किकला एकदम निळा भपकारा येतोय आणि दोन मिनिटांत बंद होतोय, तर ते वॉल सीलचं काम, एवढंएवढंसं रबर असतंय, गॅस्केटच्या पैशात येतंय. चालवताना ॲक्सिलेटर दिला की सतत धूर येतोय तर रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) नाहीतर बोअर (ब्लॉकमधलं पिस्टन पळतंय ते भोक). दोन्ही असू शकतंय, पण दोन्हीला लगेच ब्लॉक-पिस्टन लागतोच असं नाही.

डावीकडचा आवाज बहुतेक टायमिंग चेनचा (ही इंजिनाच्या आतली चेन, चाकाची नव्हे), स्प्लेंडरची टायमिंग चेन डावीकडंच असते. पण नुसती चेन बदलून पुष्कळ लोक दोन महिन्यांत परत येतात, कारण खाली टेन्शनरची काठी, तिच्या डोक्यावरचं रबर आणि रोलर असतंय ते जुनंच ठेवलेलं असतंय. चेन घेतोस तर ते सगळं एकत्र घे, पैशाचा फरक फार नाही.

चढाला इंजिन ओरडतंय पण गाडी सरकत नाही म्हणतोस, म्हणजे क्लच सुटतोय (प्लेटा घसरतात), तर आधी लिव्हरला थोडी ढिलाई हाय काय बघ. केबल एकदम टाइट असली तरी क्लच सुटतोय. आणि एक विचारतो, ऑइल कुठलं टाकालायस?

आता तुझा खरा प्रश्न, ओरिजिनल की लोकल. हे दोनच प्रकार नाहीत, तीन हायत, आणि मधला प्रकार लोकांना माहीतच नसतोय. गाडीची कंपनी स्वतः सगळं सामान बनवत नाही. कार्बोरेटर एक बनवतंय, क्लच दुसरं, शॉकअप तिसरं, लायनर चौथं. तेच कारखाने तसलंच सामान स्वतःच्या नावाच्या डब्यात घालून बाजारात पण विकतात, आणि गाडीच्या कंपनीच्या डब्यापेक्षा ते बऱ्याचदा स्वस्त पडतंय. चेन सॉकेटला रोलॉन नाहीतर डायमंड घे, पिस्टन-रिंगला उषा नाहीतर गोएत्झे, लायनरला एएसके, प्लगला एनजीके नाहीतर बॉश, केबलला सुप्रजित (ते तर आपल्या बेंगळूरचंच). हा झाला मधला प्रकार. तिसरा म्हणजे नाव-गाव नसलेला पिशवीतला माल, त्यात पण काही चालतंय बरं का, इंडिकेटरची काच, साईड पॅनल, फूटरेस्टचं रबर, आरसा, हे तू पिशवीतलं घे, बिघडलं तर जीव जात नाही. पण क्लच प्लेटा, टायमिंग चेन, वॉल आणि ब्रेकचं सामान पिशवीतलं घेऊ नकोस, कारण परत उघडायची मजुरी सामानापेक्षा जास्त जाते.

आणि तो गॅरेजवाला गॅरंटी नाही म्हणाला ते अगदीच चूक नाही बे. गिऱ्हाईक सामान आणतंय, सामान निकृष्ट निघतंय, आणि शिव्या बसवणाऱ्याला पडतात. सामानावर त्याला दोन पैसे सुटतात ते पण हाय, खोटं कशाला बोलू, मला पण सुटतात.

नंदगडचा_पोरगा

दादा एवढं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं. आज सकाळी बघितलो, पहिल्या किकला भपकारा येतोय, मग कमी होतोय पण चढाला परत थोडा थोडा येतोय. क्लचच्या लिव्हरला ढिलाई बरोबर हाय.

ऑइलचं म्हणाल तर... काकाची कार हाय, तिची सर्व्हिसिंग झाली की डब्यात थोडं उरतंय, तेच आणून टाकालोय चार-पाच महिने झाले. एकदम महागातलं हाय ते, म्हणून म्हटलं चांगलंच असेल.

चिमटा_बुश

सापडला की चोर.

कारचा क्लच कोरडा, तुझ्या गाडीचा क्लच त्याच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला. कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करायचं औषध घातलेलं असतंय, ते प्लेटांना चढतंय आणि प्लेटा सुटायला लागतात. बाइकच्या ऑइलच्या डब्यावर जेएएसओ एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालतंय अशी खूण) असं छापलेलं असतंय, ते बघूनच घ्यायचं, स्प्लेंडरला 10डब्ल्यू30 चा 900 मिलीचा डबा मिळतोय. कारचं ऑइल पातळ असल्यामुळं घासलेल्या रिंगांतनं आणि सीलमधनं जास्तच वर जात असणार, म्हणजे धुराला पण त्यानं हातभार लावला. आधी ते काढून टाक, दोन आठवडे चालव, मग प्लेटांचं ठरव. सुटायच्या थांबल्या तर थांबल्या, नाहीतर प्लेटा घ्यायच्याच.

निपाणी_एक्सप्रेस

भावा कोल्हापूरला जा, काय विचार करालास. उद्यमनगरात इंजिनचं काय पाहिजे ते मिळतंय, बोअर मारून (झिजलेलं भोक मोठं करून) पाहिजे, क्रँक बांधून पाहिजे, वॉल ग्राइंडिंग पाहिजे, एका गल्लीत सगळं. आमच्या निपाणीतली निम्मी गॅरेजवाली मंडळी आठवड्याला तिकडनंच सामान आणत्यात. मी माझ्या पल्सरचं हेड तिकडंच करून आणलो, नाद खुळा काम.

गोवावेस_वाला

निपाणीवरनं कोल्हापूर म्हणजे तुम्हाला गल्ली ओलांडल्यासारखं आहे. तो नंदगडचा आहे, खानापूर, मग बेळगाव, मग पुढं शंभराच्या वर किलोमीटर. जाऊन-येऊन बसचे पैसे, एक दिवसाचा दुधाचा धंदा बुडाला, वर मिसळ खाल्ल्याशिवाय तुम्ही येत नाही. चेन किटवर वाचवलेले दोनशे रुपये तिथंच संपले.

निपाणी_एक्सप्रेस

मिसळीचं बरोबर हाय 😄 पण एकटं पार्टसाठी कोण जातंय, दुसरं काम निघालं की यादी घेऊन जायचं असं म्हणालोय मी.

उद्यमबाग_लेथ

मी गॅरेजवाला नव्हे. बेळगावच्या उद्यमबागमध्ये एका मशीन शॉपला 30 वर्षं काढली, आता घरीच असतो. निपाणीच्या भाऊंचा कोल्हापूरचा अभिमान समजू शकतो पण बोअर मारायला बेळगाव सोडून जायची काहीच गरज नाही. हे गावच फौंड्रीचं आणि मशीन शॉपचं आहे, क्रँकशाफ्टपासून हायड्रोलिकच्या पार्टपर्यंत इथनं बाहेर जातंय, मग 50 मिलिमीटरचा एक ब्लॉक काय मोठी गोष्ट.

स्प्लेंडरचा बोअर 50 मिमी आणि स्ट्रोक 49.5, त्याचेच 97.2 सीसी होतात. ब्लॉक काढला की आधी बोअर गेजनं मोजून घ्यायचं, वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, कारण बोअर गोल झिजत नाही, पिस्टन ज्या बाजूला दाबतो त्या बाजूला जास्त झिजतो. नुसतं बोट फिरवून "गेलाय" म्हणणारे खूप असतात. झीज मर्यादेत असेल आणि उभ्या रेघा नसतील तर होनिंग करून (आतली भिंत दगडानं हलकी घासून) नव्या रिंगा टाकायच्या, ब्लॉक-पिस्टनचे पैसे वाचले. झीज जास्त असेल तर ओव्हरसाइज पिस्टन मिळतो, पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर असे टप्पे असतात. म्हणजे जुना ब्लॉक लगेच भंगारात टाकायचा नसतो, एकच ब्लॉक तीन-चार वेळा वापरता येतो. आजकाल कुणाला तेवढी दगदग नको असते, अख्खं किट बदलून मोकळे होतात.

एक चूक मात्र सगळे करतात. आधी बोअर मारून आणतात आणि मग पिस्टन विकत घेतात. उलटं करायचं. पिस्टन आधी घ्यायचा, तो मशीनवाल्याच्या हातात द्यायचा आणि सांगायचं की ह्याच्या मापानं मार. दोन पिस्टन कागदावर सारखे असले तरी मायक्रोमीटरखाली सारखे नसतात.

आणखी एक पैसे वाचवायचं सांगतो. चाकाच्या बेअरिंगसाठी बाइकच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जायचं कारण नाही. बेअरिंगवर नंबर असतो, त्या नंबरचं बेअरिंग पंपात, मोटरीत, गिरणीत सगळीकडं तेच. 6301 म्हणजे आतून 12, बाहेरून 37, जाडी 12, जगात कुठंही जा. जुनं काढा, पुसा, नंबर वाचा आणि बेअरिंगच्या दुकानात जा, एसकेएफ, एनबीसी, एफएजी काय परवडेल ते घ्या. ऑइल सीलचं पण तसंच, अंगावर माप छापलेलं असतं. फक्त क्रँकचं बेअरिंग घेताना नंबराच्या पुढं सी3 वगैरे काही लिहिलेलं असेल तर तेसुद्धा जुळवून घ्यायचं, ती आतली ढिलाई असते, ती चुकली तर इंजिन गरम झाल्यावर बेअरिंग आवळतं.

चिमटा_बुश

काका, बेअरिंगचं सगळ्यांना सांगून आमच्या पोटावर का मारालाय 😀

शाळामास्तरीण

मी चिकोडीजवळच्या एका शाळेत शिकवते, माझी स्कूटर आहे, बाइकमधलं मला समजत नाही, पण सामान आणायचं कसं ह्याबद्दल दोन शब्द.

आमच्याकडं घरातलं सगळ्या गाड्यांचं सामान मीच आणते. कारण साधं आहे, 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत आम्हा बायकांना बसचं तिकीट नाही, आधार कार्ड दाखवलं की झालं. मिस्टर गेले तर जाऊन-येऊन तिकीट, आणि मी गेले तर शून्य, मग कोण जाणार? तर पहिल्यांदा गेले ती चिठ्ठी घेऊन, "ब्रेक लायनर मागचा" एवढंच लिहिलेलं. दुकानदारानं विचारलं कुठलं मॉडेल, कुठलं साल, मी म्हटलं काळी आहे. त्यानं जे दिलं ते बसलं नाही, परत दुसऱ्या दिवशी बदलायला, आणि तोवर डबा फाडलेला म्हणून त्यानं बदलून दिलं नाही.

तेव्हापासून नियम, जुना काढलेला पार्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्यायचा. ते शक्य नसेल तर त्याचा फोटो, शेजारी पट्टी ठेवून, आणि आरसीचा फोटो. दुकानात सगळे कन्नड बोलतात म्हणून काही अडत नाही, नाव मराठीत काय नि कन्नडमध्ये काय, सामान समोर ठेवलं की माणूस गप्प उठून आतून तेच घेऊन येतो.

नंदगडच्या भावाला विचारते, आई किंवा बहीण बेळगावला जात असेल ना आठवड्यातून एकदा? यादी त्यांच्याकडं द्या. पण ऑइलमध्ये माखलेली क्लच प्लेट भाजीच्या पिशवीत देऊ नका, मी ते पाप केलंय.

हुबळी_रिटर्न

ऑनलाइनचा माझा अनुभव लिहितो म्हणजे कुणी तरी वाचेल. एका साइटवर क्लच प्लेटा स्वस्त दिसल्या, नाव "स्प्लेंडर क्लच सेट", फोटो पण बरोबर, मागवलो. आल्यावर कळलं त्या सुपर स्प्लेंडरच्या, ती 125 ची गाडी, आपली 100 ची, डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं आणि मी वाचलो नव्हतो. परत पाठवायचं म्हटलं तर पिकअपवाला आमच्या गावात तीन वेळा आलोच म्हणून मेसेज टाकला आणि एकदाही आला नाही.

पण त्यातनं एक शिकलो ते कामाचं हाय. हिरो होंडाच्या सामानाचा पार्ट नंबर होंडाच्या पद्धतीचा असतोय, पाच आकडे, मग तीन अक्षरं, मग परत तीन. पहिले पाच आकडे म्हणजे पार्ट कुठला, 13101 म्हणजे पिस्टन, 14401 म्हणजे टायमिंग चेन, 22201 म्हणजे क्लचची घर्षणाची प्लेट. मधली तीन अक्षरं म्हणजे कुठल्या मॉडेलसाठी तो पहिल्यांदा बनला. म्हणून स्प्लेंडरच्या काही पार्टवर दुसऱ्याच जुन्या गाडीचा कोड दिसतोय आणि लोक घाबरतात, तर घाबरायचं नाही, इंजिनाचं घराणंच एक, 1985 च्या सीडी 100 पासनं तेच 97.2 सीसी चालत आलंय, त्यामुळं बरंच सामान एकमेकांना चालतंय. अख्खा नंबर टाकून शोधायचं, नाव टाकून नाही. नाव टाकलं की साइट काहीही दाखवते.

गोवावेस_वाला

ह्यात एक भर. 22 सप्टेंबर 2025 पासून टू-व्हीलरच्या पार्टवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय. काही दुकानांत अजून जुन्या एमआरपीचा डबा निघतो, तेव्हा तोंडानं विचारा की नवीन रेट काय आणि बिल मागा. बिल मागितलं की दोन गोष्टी होतात, एक तर रेट आपोआप नीट होतो आणि दुसरं म्हणजे डुप्लिकेट माल काउंटरवरनं परत आत जातो. मी स्वतः बघितलंय, "बिल पाहिजे" म्हटल्यावर त्यानं हातातला डबा ठेवून दुसरा आणला. आणि मी पोस्टच्या सुरुवातीला चेष्टा केली होती ती परत घेतो, हा धागा चांगला चाललाय.

आरएक्स_वेडा

तुम्ही स्प्लेंडरवाले रडालाय कशाला समजत नाही. सामान प्रत्येक गावात, पानाच्या टपरीच्या शेजारी पण प्लग मिळतोय तुमचा. माझ्याकडं आरएक्स 100 हाय, ती बनवायची 1996 लाच बंद झाली. टाकीचं झाकण, साईड कव्हर, मीटरचा कप्पा, जे बघेल ते "जुना स्टॉक" म्हणून दुप्पट-तिप्पट सांगतात, आणि निम्म्या वेळा तो जुना स्टॉक म्हणजे गेल्या महिन्यात कुठं तरी बनवलेला असतोय, फक्त डब्यावर धूळ टाकलेली. जुन्या डब्यावरची धूळ आणि मुद्दाम टाकलेली धूळ ह्यातला फरक मला आता नाकानं कळतोय.

येझदीवाले तर अजून वाईट हालात हायत, म्हैसूरचा कारखाना बंद होऊन तेवढीच वर्षं झाली, ते लोक एकमेकांच्या घरी जाऊन पार्ट मागतात लग्नाच्या बोलणीसारखे.

विषयाला धरून एकच सांगतो. भंगारवाल्याकडं अपघाताची, नाहीतर कागद नसलेली गाडी मोडायला आलेली असते. हँडल, चाक, स्टँड, चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंग आर्म), असलं लोखंडाचं सामान तिथनं घ्या, नवीनच्या तुलनेत कितीतरी स्वस्त. इंजिन आणि चेसिस नंबर असलेला तुकडा मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, उद्या पोलीस स्टेशनला तुम्हीच चहा पित बसाल.

नंदगडचा_पोरगा

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी, मध्ये आमच्याकडं लाइट आणि नेटवर्क दोन्ही नव्हतं.

काकाचं ऑइल काढलो, बाइकचं टाकलो. चार-पाच दिवसांत क्लच बराच सुधारला पण जांबोटीच्या चढाला दोन कॅन घेऊन परत सुटला, म्हणजे प्लेटा पण गेल्याच होत्या. मग गाडी खानापुरातच दुसऱ्या एका गॅरेजात टाकलो, आधीच विचारलो सामान मी आणलं तर चालेल काय, तो म्हणाला चालेल पण मजुरी थोडी जास्त घेणार, मला ते पटलं. निदान तोंडावर सांगितला तरी.

हेड-ब्लॉक उघडल्यावर ब्लॉक पिशवीत घालून मी स्वतः बेळगावला गेलो, लेथवाल्या काकांनी सांगितल्याप्रमाणे मोजून घेतलो. त्या मशीनवाल्यानं तीन ठिकाणी मोजला, कागदावर आकडे लिहिला, आणि म्हणाला बोअर मारायची गरज नाही, होनिंग कर आणि रिंगा टाक. पहिल्या गॅरेजवाल्याच्या यादीतलं सगळ्यात महाग काम तिथंच कटलं. पिस्टन पण मोजून बघितला, चालेल म्हणाला. लायनर बघितलो तर पुढचे निम्म्याच्या वर शिल्लक, मागचे पण अजून सहा महिने सहज जातात, ते पण कटलं.

खर्च असा झाला, क्लच प्लेटा 430, टायमिंग चेन आणि टेन्शनरचं सगळं सामान 520, वॉल सील आणि गॅस्केट सेट 260, रिंगा 380, होनिंगचे 150, चेन किट 1150, ऑइल 380, मजुरी 1200. बेरीज 4470. बिल सगळ्याचं घेतलो, गोवावेसवाल्याचं ऐकून, आणि खरंच एका ठिकाणी जुना स्टिकर निघाला, त्यानं काही न बोलता कमी करून दिला.

क्लच प्लेटा आईनं आणल्या. जुनी प्लेट तिच्याकडं दिलो होतो, दोन पिशव्यांत घालून बाई, शाळामास्तरीणबाईंची आठवण ठेवून. दुकानदारानं तिला विचारलं म्हणे, आजी गाडी कोण चालवतंय. आई म्हणाली, चालवतोय मुलगा, ढकलतोय नवरा.

धूर बंद हाय. डावीकडचा आवाज पण नाही, म्हणजे इतका नाही की आता मला मागचं मडगार्ड वाजतंय ते ऐकू यायला लागलंय, इतके दिवस ते इंजिनाच्या आवाजात लपलेलं होतं.

उद्यमबाग_लेथ

फार बरं वाटलं वाचून. मोजलेल्या आकड्यांचा तो कागद जपून ठेव, आरसीच्या कव्हरमध्ये घाल. पुढच्या वेळी इंजिन उघडलं की किती झिजलं ते त्यावरनं कळेल. आणि नव्या रिंगा आहेत, पहिले चार-पाचशे किलोमीटर चढाला जोर देऊन पळवू नको, तेवढं झालं की ऑइल एकदा लवकर बदल, होनिंगची आणि रिंगांची बारीक पूड त्यात उतरलेली असते.

नंदगडचा_पोरगा

काका, दुधाचे कॅन एका फेरीत एकच नेऊ म्हणताय काय महिनाभर?

उद्यमबाग_लेथ

जमलं तर तसंच कर. नाही जमलं तर निदान गिअर खाली टाकून हळू चढव, वरच्या गिअरवर इंजिन घुसमटवत नेऊ नकोस.

चिमटा_बुश

मागच्या मडगार्डला खालून दोन बोल्ट असतात, त्यातला एक गेलेला असणार आणि रबरचा वायसर पण. वायसर सायकलच्या दुकानात मिळतोय, तुझ्या नंदगडातच. ह्याच्यासाठी आईला बेळगावला पाठवू नकोस.

निपाणी_एक्सप्रेस

4470 त झालं म्हणजे 3330 वाचले भावा. आता तरी कोल्हापूरला मिसळ खायला ये.

नंदगडचा_पोरगा

येतो, पण गाडी घेऊन नाही, पाचशे किलोमीटर होऊ देत आधी. आणि कुणाला मीटरची केबल नेमकी कुठल्या मापाची लागते माहीत असेल तर सांगा, ह्या वेळेला किलोमीटर मोजायचे हायत.

चिमटा_बुश

जुनी केबल ओढून काढ, पिशवीत घाल. पुढचं तुला माहीत हाय.